जाबेझ थ्रपची साक्ष

जाबेझ थ्रप स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. पिपं बनवायचा, हात चांगला होता, पण कडं ठोकता ठोकता मध्येच उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. मायदेशी सफोकमध्ये आम्ही शेजारी होतो तेव्हाही हेच. तिथे त्याच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा होता. पाद्रीने ओल्या बोटाने बाळाच्या कपाळावर क्रूस काढायला हात पुढे केला, आणि जाबेझने पोर उचलून सरळ घर गाठलं. क्रूस काढा असं पवित्र ग्रंथात कुठे लिहिलंय, म्हणे. आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मीही. पोर आठव्या दिवशी गेलं, बाप्तिस्म्याविनाच.

पुढे बिशपच्या माणसांचा जाच सोसेना, तेव्हा आम्ही अर्धं गाव समुद्र ओलांडून या उपसागराकाठी आलो. इथे क्रूस नाही, पाद्र्यांचे झगे नाहीत, गुडघे टेकायला कठडा नाही. पण मग आम्ही आमचा नियम केला. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, यायचं तर सभाघरात उभं राहून साक्ष द्यायची, देवाने तुम्हाला कधी आणि कसं धरलं. आईबापांपैकी एकही मंडळीत नसेल तर मुलाला बाप्तिस्मा नाही. मी जहाजावरचं वादळ सांगितलं होतं. लाटा डोक्यावरून जात होत्या आणि मला आतून एकदम शांत वाटलं, असं. वडीलमंडळींनी माना डोलावल्या आणि मला घेतलं.

जाबेझला मात्र सहा वर्षं काही सांगता येईना. त्यात मुलगी झाली आणि तीन आठवड्यांची असतानाच तापाने फणफणली. नुसत्या पाण्याने तारण होत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. तापलेलं पोर मांडीवर घेऊन कुणी ते म्हणून दाखवावं.

त्याची बायको मार्जरी एरवी अवाक्षर बोलायची नाही, सभाघरात साक्ष देणं तर दूरच. त्या दिवशी माझ्यादेखत म्हणाली, "तिकडे तू नको म्हणालास. इकडे हे लोक नको म्हणतात. माझ्या पोरांना पाणी मिळायचं तरी कुठे?"

जाबेझ दारापर्यंत गेला आणि परत आला. मग मीच पुढे झाले आणि माझं वादळ त्याला देऊ केलं. जहाज एकच, वादळही एकच, त्यात खोटं ते काय? दोन दिवस समोर बसून त्याच्याकडून घोकून घेतलं.

रविवारी, शब्बाथाला, तो उभा राहिला. मार्जरी पोरीला घेऊन माझ्या शेजारी, बायकांच्या बाकावर. लाटांपर्यंत गडी बरोबर आला. मग हातातली टोपी पिळत थांबला.

"हे मला पढवलेलं आहे," तो म्हणाला. "वादळात मला नुसती भीती वाटली. मी देवाला एकच विचारत होतो, मुलाला उचलून आणलं ते तुझ्यासाठी की माझ्या हट्टासाठी? उत्तर आलं नाही. अजून विचारतोय."

माझे कान तापले. मेल्याने माझं नाव घेतलं नाही, एवढंच नशीब. सगळं संपलं असं वाटून मी मार्जरीचा हात घट्ट धरला.

आमचे पाद्री जागचे उठले. मग म्हणाले, ज्याला इतकी वर्षं चैन पडत नाही त्याला देवाने सोडलेलं नाही; ज्यांना फार लवकर शांत वाटतं, त्यांचीच मला काळजी वाटते. त्याला मंडळीत घ्यायला पुरुषांचे हात वर झाले. दुपारच्या उपासनेत पोरीला पाणी मिळालं, आणि चार दिवसांनी तापही उतरला.

आता तरी हा माणूस स्वस्थ बसेल असं मला वाटलं. माझी गळकी बादली दुरुस्त करून तो घेऊन आला, दारात ठेवली, फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"डॉर्कसकाकू, रागावू नका. तुम्हाला तेव्हा शांत वाटलं होतं ना? कसं असतं ते? मला कधी वाटलंच नाही, म्हणून विचारतो. खरंच वाटलं होतं?"

"हो," मी म्हणाले. सभाघरात म्हणाले होते तितक्याच पटकन.

तो समाधानाने गेला. मी बादली उचलून विहिरीकडे निघाले, अर्ध्या वाटेवरून परत आले, आणि पुन्हा निघाले.