आवाज कोणी फाडायचा?

बँडवाल्यांकडे गाणी साठत असतील, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे चार वर्षांत गाणी झाली सहा, आणि किस्से किती झाले ते मी मोजायचं सोडून दिलंय. सगळ्यांचं मूळ एकच. रॉकसाठी इलेक्ट्रिक गिटारचा आवाज जरा फाटका, खरखरीत लागतो. तो फाडायचे दोन मार्ग आहेत. पायाशी पेडल नावाची डबी ठेवून ती दाबायची, नाहीतर ॲम्प्लिफायरचा, म्हणजे ॲम्पचा, आवाजच इतका मोठा करायचा की तो आपोआप फाटतो. आमच्यात गिटारवाले दोन आणि दोघांचे मार्ग वेगळे. ड्रमवर श्रुती. मी बेस वाजवतो, गातो आणि यांची भांडणं सोडवतो. श्रुतीला आणि मला एवढंच हवं होतं की एकदा तरी लोकांसमोर वाजवावं. पण हे दोघे वाजवू देतील तर ना!

*

पेडलवाला मंदार पुण्याचा, आयटीतला. ॲम्पवाले शंकरअण्णा, त्यांचं घराणं इथे कन्नड मुलखात इतक्या पिढ्या आहे की त्यांचं मराठी ऐकून मला आधी ते कन्नडच वाटलं होतं. इथल्याच शिवाजीनगरात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे.

पहिली प्रॅक्टिस मंदारच्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर ठरली, अकराव्या मजल्यावर. अण्णांनी त्यांचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प आणला. तो लिफ्टपर्यंत उचलून माझी कंबर आठवडाभर धरली होती.

"अण्णा, आवाज कमी ठेवा हं," मंदार म्हणाला.

"सरी सरी. पण आठच्या खाली हा झोपलेला असतोय बघ," असं म्हणत अण्णांनी बटण आठवर नेलं.

एकच सूर वाजला. तीन मिनिटांत दारात वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी आणि रडणारं बाळ घेतलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाई.

अण्णा बाळाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "हा पण आत्ताच जागा झाला काय?"

त्या फ्लॅटवर पुन्हा प्रॅक्टिस झाली नाही.

*

मग अण्णांच्या मेहुण्याची बोम्मसंद्र्यातली शेड मिळाली. रविवारी कारखाना बंद असतो. ट्रॅफिकमधून दीड तास रखडत पोचायचं आणि मंदार अकरा पेडलं मांडेपर्यंत बसून राहायचं.

एका रविवारी त्याच्या गिटारचा आवाजच येईना. अकरा पेडलांच्या मधल्या कुठल्यातरी वायरने दगा दिला होता. मंदार एकेक उपसून बघत होता. श्रुती मुळातच कमी बोलणारी. तिने लॅपटॉप काढून ऑफिसचं काम सुरू केलं. अण्णा दोन डोसे खाऊन परत आले.

"स्वल्प अजून थांबायचं काय?" त्यांनी विचारलं. "माझी एकच वायर. तुटली तर कळतंय."

मंदारची वायर सापडली, आणि मेहुण्याचा माणूस शेडला कुलूप लावायला आला.

*

एकदा वैतागून मीच परीक्षा घेतली. दोघांना माझ्याकडे पाठ करून बसवलं आणि एकच तुकडा दोनदा वाजवला. आधी पेडल दाबून, मग ॲम्प फाडून.

"पहिला माझा. त्यात जीव आहे," अण्णा म्हणाले.

"काहीतरीच. दुसरा माझा, पहिला अगदीच मेंगळट होता," मंदार म्हणाला.

दोघेही चुकले होते. मी तसं सांगितलं. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

"शेडचा पत्रा आवाज बदलतोय," अण्णा म्हणाले.

"हंड्रेड पर्सेंट पत्रा," मंदार म्हणाला.

चार वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

*

यंदा श्रुतीची पुण्याला बदली झाली. आता नाही तर कधीच नाही. मी हातापाया पडून एका मराठी मंडळाच्या गणपतीत दोन गाण्यांपुरती पंधरा मिनिटं मिळवली, पाककृती स्पर्धेनंतर आणि बक्षीस समारंभाआधी.

स्टेजवर चढलो तेव्हा साउंडवाल्याने सांगितलं, गिटारसाठी एकच जागा उरलीय. ॲम्पसमोर माइक लावू, की पेडलची वायर घेऊ?

झालं. दोघांची तिथेच जुंपली. अण्णांचा ॲम्प अजून चालूही केलेला नव्हता आणि मंदारची वायर त्याच्या हातातच. पाच मिनिटं गेली. समोर काकू मंडळी स्पर्धेतले मोदक खात बघत होती. माझं कोणी ऐकेना. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात श्रुतीने काठ्या आपटून चार मोजले आणि सुरू केलं. मी बेस सावरत गायला लागलो. ते दोघे दचकून आपापल्या जागी पळाले. गिटार कुणाचीच कशाला जोडलेली नव्हती, पण भर स्टेजवर नुसतं उभं कसं राहणार? दोन्ही गाणी दोघांनी डोळे मिटून, माना हलवत, जीव तोडून वाजवली. त्यांचा एक सूरही कुणाला ऐकू गेला नाही. मागे श्रुती घामाघूम होऊन हसत होती. तिला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

खाली उतरलो तर मंडळाचे अध्यक्ष धावत आले.

"ड्रम तर झकासच. पण गिटारचा आवाज काय लागला होता हो! असा आवाज येतो तरी कशाने?"

"व्हॉल्व्हचा ॲम्प," अण्णा म्हणाले.

"पेडल," मंदार म्हणाला.