दिवाळे सरांचा ठराव

आमचे दिवाळे सर कंपनी कायद्याचं पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून शिकवायचे. बाकीचे प्राध्यापक कंपनी जन्माला घालत. हे पहिल्याच दिवशी आम्हाला तिच्या मयताला घेऊन जात. "कशी बुडाली ते कळलं, की कशी चालवायची ते कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं खरं आडनाव जळगावच्या लॉ कॉलेजात कुणाच्या तोंडी नव्हतं. सर शिंदखेड्याकडचे. एरवी बोलणं शुद्ध, पण रंगात आले की अहिराणीवर घसरत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी वर्गात एक कागद फिरवला. हजेरी समजून आम्ही भराभर सह्या ठोकल्या. वर्गातली एकुलती एक मुलगी मी, त्यामुळे माझी सही सगळ्यांत झोकदार! मग सरांनी कागद वाचून दाखवला : 'आम्ही सर्व विद्यार्थी स्वखुशीने नापास होण्याचे ठरवीत आहोत.' आमचे चेहरे बघून म्हणाले, "बठ्ठा संचालक असाच बुडतस!" म्हणजे सगळे संचालक असेच, न वाचता सही करून बुडतात. तो ठराव वर्षभर वर्गाच्या भिंतीवर होता.

त्या सुमारास कापसाचे भाव कोसळले आणि आमच्याकडच्या जिनिंग कंपन्या एकामागून एक बसल्या. विद्वान मंडळी लेखांमधून भावाला दोष देत होती. सर विचारत, "भाव तर सगळ्यांसाठीच पडला. मग काही कंपन्या उभ्या कशा राहिल्या?" याच प्रश्नावर त्यांनी मला कायद्याच्या एका मासिकासाठी निबंध लिहायला लावला. बुडालेल्या कंपन्यांच्या सभांच्या वह्या वाचत मी भडगाव, जामनेर पालथं घातलं. आणि सापडलं काय, तर सभा झाल्याच नव्हत्या! शिपाई सायकलवरून वही घरोघर नेई, आणि संचालक ओट्यावर चहा पिता पिता 'हजर' म्हणून सही करत.

जामनेरच्या वहीत माझ्या वडिलांची सही निघाली. नाना तिथले निवृत्त हेडमास्तर आणि त्या कंपनीचे एक संचालक. त्यांच्या नावाकडे बघून गावानं त्या कंपनीत पैसे घातले होते. जिनिंग गहाण टाकायच्या ठरावाला नाना हजर, असं वही म्हणत होती. त्या दिवशी तर ते धुळ्याला माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात होते! मी जामनेर गाळलं आणि निबंध सरांना देऊन टाकला.

तो परत आला तेव्हा भडगावच्या पानांमागे एक कोरा कागद टाचलेला होता. "इथलं एक पान राहिलंय," सर म्हणाले.

"सर, तुम्हाला काय माहीत?" मी चिडूनच विचारलं.

"जामनेरची वही मीही पाहिलीय. आणि त्याच दिवशी धुळ्याला, मुलाकडचा पाहुणा म्हणून, साखरपुड्याच्या पंक्तीत मी नानांच्या शेजारी जेवलो होतो. लिहायचं की नाही ते तू ठरव. निबंधाखाली सही तुझी आहे."

मला रडूच कोसळलं. सरांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

घरी जाऊन नानांना सगळं सांगितलं. ते हेडमास्तरांची मराठी बाजूला ठेवून अहिराणीत म्हणाले, "सही मनीच शे, पोरी. लिख."

त्यांनी सही आपलीच म्हटल्यावर मी लिहिलं. नानांनी ते पान दोनदा वाचलं. 'नजरचुकीने' हा माझा शब्द खोडून तिथे 'न वाचता' असं घातलं. निबंध छापून आल्यावर गावातली काही माणसं बोलेनाशी झाली. नाना मात्र रोज ओट्यावर बसत राहिले आणि विचारेल त्याला सगळं सांगत राहिले. सरांनी तो कोरा कागद टाचला नसता, तर मी जन्मभर लोकांची भांडणं चालवली असती आणि घरातलं पान लपवलं असतं. हे ऋण मी कधी विसरले नाही.

काही वर्षांनी सर गेले. मी शिंदखेड्याला गेले, तेव्हा सरांच्या पत्नीने, काकूंनी, एक घडी घातलेला कागद हातात ठेवला. वर्गातला ठरावच तो. सगळ्यांच्या सह्या जशाच्या तशा होत्या. माझ्या सहीवर तेवढी रेघ मारलेली होती. शेजारी सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बापलेकीने परत घेतली.'

जामनेरला आल्यावर मी तो कागद नानांना दिला. त्यांनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत, सगळ्या नावांसकट, तो वाचून काढला.