सुनीताचं बोट

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. तुम्हाला सांगते — तुम्हालाच का, ते विचारू नका.

आमच्या गावी, धनजला, मी घरीच केक करते. क्रीमचं काम माझं. फाँडंटची, म्हणजे साखरेच्या मऊ गोळ्याची, फुलं करायची माझी धाकटी जाऊ सुनीता. शिकवलं मीच. पण तिची पाकळी इतकी पातळ, की पलीकडचं बोट दिसावं. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, फुलं धाकट्या बाईच करतील ना? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी हसून हो म्हणायचे.

श्रावणात ही फुलं वाळवणं म्हणजे जिवाला घोर. घट्ट डब्यात ठेवा, त्यांना घाम फुटतो. फ्रिजमधून काढा, चिकट होतात. म्हणून चार दिवस पंख्याखाली, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, सोबत तांदळाची पुरचुंडी. त्या खोलीत ओलं काही आणायचं नाही — हा नियम माझाच.

त्या दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. सुनीता अंगणात धुणं धूत होती. घटकाभर पडावं म्हणून मी त्याच खोलीत कूलर लावला — पाणी भरून, पंप चालू करून. डोळा लागला. उठले तर कूलरच्या ओल्या हवेनं एका मास्तरांच्या निवृत्तीच्या केकची सगळी फुलं माना टाकून पडलेली, लाल रंग ताटात ओघळलेला. केक संध्याकाळी न्यायचा होता.

तेवढ्यात ती धुण्याची बादली घेऊन दारातून आत आली. फुलं पाहून बादली तिथंच ठेवली आणि टेबलावर हात टेकून वाकली.

"ओलं धुणं कायले आणलं वं अंदर?" मी ओरडले.

"ताई, म्या तर आत्ताच —"

मी तिच्या हातावर लाटणं हाणलं.

पहिला फटका रागाचा होता, असं म्हणता येईल. पण मग तिची मान कूलरकडे वळायला लागली. तिला कळायच्या आत मी दुसरा हाणला. मग तिसरा. तेव्हा कुठला राग? मला सगळं ठाऊक होतं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि — खरं सांगू? — मला बरं वाटलं.

ती खाली बसून किंचाळत होती. सासूबाई धावत यायच्या आत मी कूलर बंद केला. डॉक्टरला सांगितलं, बोट दारात चेमटलं. ते बोट आता वाकत नाही. फुलं मी करते, जाडीभरडी.

सासूबाई तिला रोज ऐकवायच्या, नियम माहीत असून ओलं धुणं आत नेलंस. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी सुनीता सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली.

"चुकलंच माहं, ताई. बादली अंदर न्यायले नोको होती."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे वं. माफ केलं तुले."