बर्फावरचं गाऱ्हाणं

दाजीकाका आमच्याकडे टीव्ही बघायला येत ते स्वतःची खुर्ची घेऊन. निळी, प्लास्टिकची, एका पायाला सुतळी गुंडाळलेली. पहाटे दारावर बोटाच्या पेराने टकटक व्हायची, कारण बेल वाजवली तर अख्खा मजला उठेल. मी डोळे चोळत दार उघडलं की आधी खुर्ची दिसायची आणि तिच्यामागे काका. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला माकडटोपी. मरोळचा ऑक्टोबर, पंखा पाचवर, आणि हे माकडटोपीत.

"काका, ही कशाला?"

"अरे, थंय बर्फ आसा," टीव्हीकडे बोट दाखवून ते म्हणत.

आमचा सोफा चांगला तीन माणसांचा. पण "सोफ्यार झोप येता" म्हणून ते खुर्चीतच बसत. मी सोफ्याच्या एका टोकाला. खिडकीकडचं टोक रिकामं. एकदा वाऱ्यासाठी मी तिकडे सरकलो, तर ते हळूच म्हणाले, "थंय नको. हंय बस." मी बसलो. पहाटे साडेपाचला माणूस कशालाच विरोध करत नाही.

आम्ही बघत होतो आइस हॉकी. कॅनडातल्या एका शहराचा धंदेवाईक संघ. माझा खेळांशी संबंध सोसायटीच्या कॅरमपुरता आणि घसरण्याचा अनुभव बाथरूममधल्या साबणापुरता. काका तर उभा जन्म इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथ मशीनवर उभे राहिलेले. त्यांनी बर्फ पाहिला तो माशांच्या टोपलीतला. तरीही आम्ही दोघे एका अख्ख्या सीझनचे निष्ठावंत प्रेक्षक झालो, ते एका कावळ्यामुळे.

काका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहत. काकी आधीच गेल्या होत्या आणि एकुलता एक मुलगा महेश कॅनडात एका गोदामात सुपरवायझर होता. आई गेल्यावर बापलेकांना फोनवर बोलायला विषय उरला नव्हता. "जेवलंस?" "जेवलो." "थंडी?" "आहे." संपलं. मग कधीतरी महेशने तिथल्या हॉकीचं काढलं. संघ कसा दरवर्षी तोंडाशी आलेला घास घालवतो, गोलकीपर कसा ऐन वेळी झोपतो. काकांना कळत काही नव्हतं, पण रविवारच्या फोनवर ते विचारू लागले, "काय रे, आपले काय झाले?" ते "आपले" म्हणाले की महेश तासभर बोलायचा. स्पीकर चालू असायचा, त्यामुळे जिन्यातून जाणाऱ्यालाही स्कोअर कळायचा.

त्या वर्षी सीझन सुरू होऊन आठवडा झाला असेल. तिकडे पहिला बर्फ पडला आणि कामावरून परतताना महेशची गाडी घसरली.

अस्थी इकडे आल्या. दशक्रियेला तलावाकाठी आम्ही चौघे होतो: काका, त्यांचा पुतण्या, भटजी आणि मी. पिंड ठेवला. कावळे भिंतीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. पुतण्याने हात जोडून सांगितलं, काकांना मी बघेन. कावळे तसेच. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, आठवून बघा." मला काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "महेश, पाण्याच्या टाकीचं आम्ही बघतो." तो सोसायटीच्या ग्रुपवर तिकडून टाकीवरून भांडायचा. एका कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मग काका पुढे झाले. "महेशा, सीझन चालू झालो ना रे? तुका बघूक नाय गावलो. बरां. मी बघतलंय. पुरो बघतलंय. एक मॅच चुकवूचंय नाय."

कावळा उतरला. चोच लावली आणि उडाला.

परतताना रिक्षात, मरोळ नाक्याजवळ काकांनी मला विचारलं, "अरे, ह्यो सीझन चलता किती?"

"असतील पंधरा-वीस मॅच," मी जाणकारासारखा म्हणालो. मग खिशातून मोबाइल काढून बघितलं. ऐंशीच्या वर मॅच होत्या, थेट एप्रिलपर्यंत. पुढे बाद फेरी वेगळी. "काका, वाट लागली," मी म्हणालो.

"आता सांगलंय तेका," काका म्हणाले. "फिरवूचा कसा?"

त्यांच्याकडे टीव्ही जुना, इंटरनेट नाही. माझ्या मुलीने आमच्या टीव्हीवर सोय करून दिली आणि कॉलेजच्या नावाखाली स्वतः झोपून राहिली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, पहिल्या पहाटे आतून ओरडली, "अहो, कोण मेलंय का?" आणि मग जीभ चावून चहा टाकायला उठली.

मॅच सुरू होण्याआधी काका उभे राहून देवाला गाऱ्हाणं घालत. गावी हा मान त्यांच्या घराण्याचा. देवळात गाऱ्हाणं घालताना मागे निदान पन्नास माणसं "व्हय म्हाराजा" म्हणायला असतात. इथे मी एकटा, तोही साताऱ्याकडचा.

"बा देवा म्हाराजा! आज ही पोरां बर्फार उतरली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी.

"तेंच्या पायांक बळ दी, समोरच्या गोलकीपराच्या डोळ्यार झापड येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"काय रे, जोर नाय तोंडात? देव कॅनडात आसा, आयकाक जावंक होया."

खेळ आम्ही आमच्या परीने समजून घेतला. चकती इतकी लहान आणि जोरात जायची की गोल झाल्याचं लोक उभे राहिल्यावर कळायचं. खेळाडू हातमोजे फेकून मारामारी करत तेव्हा काका पंचावर चिडत, "तो बघ, नुसतो बघत रवलो!" शिक्षा म्हणून खेळाडूला काचेआड बाकावर बसवलं की त्यांना शाळा आठवे. मध्यंतरात बर्फ गुळगुळीत करणारी गाडी गोल गोल फिरे. ती त्यांना खेळापेक्षा आवडायची. "मशीन झकास आसा," असं ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखं म्हणत.

पण त्यांचं लक्ष खेळात कमीच होतं, हे मला उशिरा उमगलं. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की ते खुर्चीत पुढे सरकत.

जानेवारीतली एक पहाट. आपल्यांनी गोल केला, गर्दी उठली, कॅमेरा तिच्यावरून गेला. काका ताडकन उभे राहिले. "मागे घी! मागे घी!"

मी रिमोट शोधेपर्यंत सुनंदाने तो माझ्या मांडीखालून ओढून काढला. मागे घेतलं. वरच्या रांगेत, लोकरीची टोपी घातलेला एक माणूस. सगळे नाचत होते आणि तो उभा होता, डावा तळवा डोक्यावर ठेवून. महेश असाच उभा राहायचा. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये कॅच सुटला की असाच. तो इथे होता तोवर मी वर्षानुवर्षं त्याला खिडकीतून बघितलं होतं. तोंड टोपीत अर्धं झाकलेलं होतं. पलीकडची सीट रिकामी होती.

"परत लाव," काका म्हणाले.

परत लावलं. तिसऱ्यांदा लावताना स्क्रीनवर गोल गोल चक्र फिरू लागलं आणि नेट गेलं. आलं तेव्हा खेळ पुढे गेला होता. दुपारी मी ऑफिसात बसून ती मॅच पुन्हा शोधली. फक्त ठळक क्षण मिळाले. गोल होता, गर्दी होती, तो माणूस त्यात नव्हता. मी काकांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून मीसुद्धा चकतीकडे बघायचं सोडलं.

"तुमच्या एक लक्षात आलंय का?" सुनंदा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "काका गाऱ्हाण्यात कप कधीच मागत नाहीत. सीझन लांबव म्हणतात."

खरंच की. गेले काही दिवस शेवटची ओळ तीच होती: "सीझन अजून थोडो लांबव, म्हाराजा!" आणि मी मठ्ठासारखा "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. शब्द दिलेला सीझन संपला की महेश मोकळा होणार होता. म्हणजे जाणार होता. आपले जिंकत होते तोवर सोफ्याचं खिडकीकडचं टोक रिकामं राहू शकत होतं.

आपले कसेबसे बाद फेरीत शिरले. तिथे एकाच संघाशी सातपर्यंत मॅच, चार जिंकणारा पुढे. तीन-तीन झाल्या. सातवीला सुनंदाही हॉलमध्ये आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. काकांचं गाऱ्हाणं त्या दिवशी लांबलं. गावचा देव, सीमेवरचा देव, तिकडच्या शहरात जो कोण देव असेल तो, सगळ्यांना बोलावून झालं. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकणार. काकांनी माकडटोपी काढून मुठीत धरली.

गोल झाला. समोरच्यांचा.

आपली पोरं बर्फावर गुडघ्यांवर बसली. काकांनी मुठीतली टोपी खिशात घातली. मग वळून सोफ्याच्या त्या टोकाला म्हणाले, "चुकवलंय नाय हां मी एक पण. जा आता, बाबा. जा."

सोफा कुरकुरला. आमचा सोफा जुना आहे, कुरकुरतो. पण मी दुसऱ्या टोकाला श्वास धरून बसलो होतो, हललो नव्हतो.

काका निघाले ते खुर्ची न घेता. मी ती उचलून दारापर्यंत गेलो, तर हाताने नको म्हणाले. मे महिन्यात ते गावी गेले, घर बंद करून, कायमचे. गणपतीच्या आधी पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेले होते.

दहाव्याला मी गावी गेलो. एसटीत रात्रभर मनाशी वाक्य जुळवत होतो: काका, पुढचा सीझन मी बघेन. कावळा अडला की पुढे व्हायचं, मोठ्याने बोलायचं, तोंडात जोर हवा. पुतण्याने पिंड ठेवून हात मागे घेतला नसेल, तोच कावळा आला, चोच लावून गेला. सगळ्यांना बरं वाटलं. मी आपला हात जोडून, तोंड उघडं ठेवून उभा.

म्हणजे माझ्याकडून कुणी काही मागितलेलं नाही. तरी ऑक्टोबरात एका पहाटे मला जाग आली. टकटक झाली होती का, सांगता येणार नाही. मी दार उघडून पाहिलं, जिना रिकामा होता. दार लगेच लावावंसं वाटेना, थोडा वेळ उघडंच ठेवलं.

टीव्ही लावला. निळी खुर्ची ओढून तिच्यावर बसलो. सोफा आता अख्खा मोकळा ठेवला, दोघांना पुरेल असा. खेळाडू बर्फावर आले आणि माझ्या लक्षात आलं की गाऱ्हाणं घालायला कुणीच नाही. मी उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा," मी साताऱ्याच्या सुरात सुरुवात केली, "आज ही पोरं... पोरां बर्फार उतरली आसत, म्हाराजा!"

आणि थांबलो. पुढचा शब्द माझा नव्हता.

"व्हय म्हाराजा," स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला.

चहाचे कप घेऊन ती बाहेर आली. सोफ्याकडे एकदा बघितलं, कप टेबलावर ठेवले आणि आत जाऊन स्वतःसाठी स्टूल घेऊन आली. बसण्याआधी तिने पंखा दोनवर केला.

"बर्फ आहे तिथे," ती म्हणाली.