नळीखालचा नंबर

अमळनेरकडच्या खेड्यातून केसरबाई सिल्वासात आली तेव्हा तिच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती, कडेवर गुड्डी होती आणि पुढे नवरा चालत होता. नवऱ्याचं नाव चिंधा. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलेलं. माणूस अंगाने काटक, कामाला वाघ, पण व्यवहारात भोळा. कुणी काही सांगावं आणि त्याने ते खरं मानावं.

पहिलं वर्ष दोघांनी किलवणीला श्रीकांतभाई देसायांच्या वाडीत काढलं. बांध घालायचे, चिकूची आळी खणायची. पुढे अथालला कंपन्या उभ्या राहू लागल्या, तशी केसरबाई धाग्याच्या कंपनीत बॉबिनवर लागली आणि चिंधा एका ठेकेदाराकडे पाये खणू लागला. कंपनीच्या मागच्या चाळीत खोली मिळाली. चाळीत केसरबाईचा दरारा होता. एकदा न्हाणीत तिला कुणाची तरी काळी पोत सापडली, तर ती कामावरून आलेली, दमलेली, तशीच दारोदार फिरली आणि जिची तिच्या हातात दिली तेव्हाच जेवायला बसली. दुसऱ्याची वस्तू घरात असली की तिला घास गिळवत नसे.

म्हणूनच सत्त्याऐंशी सालच्या त्या श्रावणाच्या अखेरीस, कंपनीतली पाळी संपवून घरी आल्यावर खोलीच्या कोपऱ्यात ती लांब वस्तू दिसली आणि ती उंबऱ्यातच थबकली.

“हाई काय आनं तुम्ही?”

चिंधा जमिनीवर उकिडवा बसून कानस पुसत होता. “भंगार शे. नदीकडच्या प्लॉटवर चर खंदता खंदता निंघनं. डांबर फासेल गोणपाटमा गुंडाळेल व्हतं.”

केसरबाईने जवळ जाऊन पाहिलं. गंजलेली नळी, कुजट लाकडाचा दस्ता, खाली वाकडी लोखंडी कडी. तिने जत्रेत, बँकेच्या दारात, पोलिसांच्या खांद्यावर असली वस्तू पाहिली होती.

“हाई बंदूक शे! भंगार कसानं?”

“जुनी शे व. भंगारवाला म्हने, नंबर असेल माल मी लेत नही. मंग मी घासी टाका.”

आणि खरंच, नळीच्या मुळाशी, जिथे लोखंड जाड होतं, तिथे त्याने कानशीने चांगला चकचकीत पट्टा पाडला होता. गंजलेल्या त्या अंगावर तेवढीच जागा नव्या नाण्यासारखी चमकत होती. पट्ट्याच्या वर एक छोटा मुकुट तेवढा शिल्लक होता आणि त्याखाली एकमेकांत अडकलेली दोन अक्षरं.

केसरबाईला वाचता येत नव्हतं, पण मुकुट म्हणजे सरकारी काहीतरी, एवढं तिला कळलं. “उठा,” ती म्हणाली. “आत्तेच चाला. ठाण्यावर दी टाकू.”

चिंधाने कुरकुर केली. उद्या मुकादमाला विचारू म्हणाला, परत पुरून टाकतो म्हणाला. तिने ऐकलं नाही. गुड्डीला शेजारच्या मंजुळाबाईकडे ठेवलं, बंदूक चादरीत गुंडाळली आणि भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, दोघं नवरा-बायको सिल्वासाच्या ठाण्यात जाऊन उभी राहिली. आत जाताना तिला हलकंही वाटलं. शाबासकी नाही तरी एक कप चहा मिळेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

फौजदारसाहेबांनी चादर उलगडली, बंदूक उजेडात धरली आणि त्यांचा अंगठा त्या चकचकीत पट्ट्यावर थांबला.

“नंबर कुणी घासला?”

“मी, साहेब,” चिंधा म्हणाला. त्याला वाटलं, आपण साफसफाई केली.

फौजदारांनी त्याला समोर बसवलं. मग एकेक विचारत गेले. सिल्वासात कधी आलास? आधी कुठे कामाला होतास? किलवणीला, देसायांकडे, हे उत्तर ऐकल्यावर त्यांनी शिपायाला दार लावून घ्यायला सांगितलं.

कारण असं होतं, की चिंधा वाडीत कामाला होता त्याच वर्षी श्रीकांतभाईंच्या घरी चोरी झाली होती. वडिलांच्या वेळची, पोर्तुगीज लष्करातून निघालेली जुनी मावझर रायफल त्यांच्याकडे परवान्यावर होती, ती गेली ती आजवर मिळालेली नव्हती. आणि आता तशीच रायफल, नंबर घासलेली, त्यांच्याच वाडीत राबलेल्या माणसाने आणलेली.

“साहेब, चोरणारा स्वतः घीसन येई का?” केसरबाई म्हणाली.

“विकायला जमलं नसेल तर येईलही,” फौजदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही. “बाई, नंबर घासणं हाच गुन्हा आहे. ही रायफल त्यांची नाही असं ठरेपर्यंत याला मी सोडू शकत नाही.”

“मंग ठरवा ना.”

“ते आमचा आर्मोरर ठरवेल. हत्यारांची पारख त्यालाच. रमाकांत हवालदार. तो गणपतीला कोकणात गेलाय. गौरी गेल्या की येईल.”

केसरबाई एकटी परतली. वाटेत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पोलीस त्याला न्यायला आले नव्हते. तिनेच त्याला हाताला धरून तिथे नेऊन दिलं होतं. तो तर पुरून टाकतो म्हणत होता. मंजुळाबाईने विचारलं तेव्हा ती एवढंच बोलली, “मीच घालं त्याले आत.”

ते दिवस तिने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. कामावर बॉबिन भरताना धागे तुटायचे आणि तिच्या लक्षात यायचं नाही. सकाळी डबा घेऊन ठाण्यात जायची, शिपाई डबा आत द्यायचा. चिंधा गजाआडून गुड्डीची चौकशी करायचा, पण केसरबाईच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. तो रागावलाय की लाजलाय, हे तिला उमगत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. चाळीतल्या घराघरांत आरत्या चालल्या होत्या. तिने देवाला काही मागितलं नाही. मागायचं तरी काय, तो कोकणातला हवालदार लवकर यावा, एवढंच ना!

हवालदार आले ते गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी. सावळे, ठेंगणे, कानावर पांढरे केस, खिशात चष्म्याचं घर. फौजदारांनी श्रीकांतभाईंनाही बोलावून घेतलं होतं. ठाण्याच्या पडवीत टेबल मांडलं, त्यावर जुनं वर्तमानपत्र, रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश. चिंधाला बाहेर आणून भिंतीशी उभं केलं. केसरबाई पायरीवर बसली. तिला कुणी हाकललं नाही.

रमाकांत हवालदारांनी रायफल हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, “पोर्तुगीजच. हा मुकुट त्यांच्या राजाचा. खाली त्याच्या नावाची अक्षरं. देसाईसाहेब, तुमच्या रायफलीवर असंच होतं?”

“अगदी असंच,” श्रीकांतभाई म्हणाले. “वडिलांनी दमणहून आणली होती. हीच वाटते मला.”

केसरबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं.

“वाटण्यावर जाऊन चालत नाही,” हवालदार म्हणाले. “यांच्या लष्कराने एकाच जातीच्या हजारो बनवून घेतल्या. सगळ्या बहिणीबहिणी. नंबर सांगा.”

श्रीकांतभाईंनी परवाना काढला. बी, चार हजार सातशे तेरा.

हवालदारांनी घासलेला पट्टा भिंगातून पाहिला आणि मान हलवली. कानस खोल गेली होती. मग त्यांनी रॉकेल ओतून बोल्टची, म्हणजे गोळी आत सारायच्या दांड्याची, मूठ घासायला घेतली. गंज पापुद्र्यांनी सुटत होता. बऱ्याच वेळाने मुठीच्या बुडाशी शेवटचे दोन आकडे उमटले. त्यांच्या आधीचे गंजाने खाल्ले होते.

“एक आणि तीन,” हवालदारांनी वाचलं. “तेरा.”

श्रीकांतभाईंनी परवाना फौजदारांकडे सरकवला. चिंधा खाली पाहत होता. आणि केसरबाई उठून उभी राहिली.

“मना मालक चोर नही शे,” ती म्हणाली. “येडा शे. पन चोर नही शे.”

“बसा बाई,” हवालदार शांतपणे म्हणाले. “अजून झालं नाही. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तांब्यावर, ताटावर, वाटीवर? तसं लष्करातले लोक बंदुकीच्या भागाभागावर तोच नंबर घालतात. सगळे खोलून ठेवले तरी कुणाचं काय ते कळावं म्हणून. तुमच्या नवऱ्याने वरचा घासला. आतले त्याला ठाऊकच नाहीत.”

ते ऐकून चिंधाने पहिल्यांदा मान वर केली.

हवालदारांनी नळीभोवतीच्या कड्या काढल्या. एक स्क्रू काही केल्या सुटेना, त्यावर तेल सोडून ते विडी ओढून आले. मग नळीखालचं लाकूड अलगद उचललं. लाकूड भुसभुशीत झालं होतं, हातातच तुकडे पडले. पण त्याच्या आत, नळीच्या पोटाला, जुन्या वंगणाचा काळा थर बसला होता. कुणीतरी पुरताना मन लावून फासलेला. हवालदारांनी तो थर चिंधीने पुसला, आणि खालचं लोखंड निळसर, स्वच्छ निघालं. त्यावर अक्षर आणि आकडे कोरलेले.

त्यांनी चष्मा लावला. स्वतः वाचलं, मग फौजदारांना वाचायला दिलं.

“एफ,” फौजदार म्हणाले. “दोन... सहा... एक... तीन.”

“पुन्हा वाचा,” श्रीकांतभाई म्हणाले.

“एफ, दोन हजार सहाशे तेरा. तुमची नाही ही, देसाईसाहेब.”

हवालदारांनी दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टीही काढली. तिच्या आतल्या बाजूला तोच नंबर होता, एफसकट. श्रीकांतभाईंनी दोन्ही ठिकाणी स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, “माझीच असावी असं फार वाटत होतं. वडिलांची आठवण होती ती.” आणि चिंधाकडे वळले. “तुझ्यावर आळ आला, त्याचं वाईट वाटतं रे.”

चिंधाने हात जोडले.

फौजदारांनी त्याचा जबाब घेतला. जमिनीत सापडली, स्वतः होऊन आणून दिली, अज्ञानाने घासली. अंगठा घेताना दरडावून म्हणाले, “पुन्हा कशावर नंबर दिसला तर कानस लावायची नाही.”

“कानसच इकी टाकस, साहेब,” चिंधा म्हणाला, आणि पडवीतले सगळे हसले. केसरबाई मात्र तेव्हा रडली. इतके दिवस अडवून धरलेलं ते पायरीवर, सगळ्यांसमोर, हुंदक्याहुंदक्याने बाहेर पडलं. रमाकांत हवालदारांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि आपल्या पिशवीतून गणपतीच्या प्रसादाचा लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. तिने तो तिथेच खाल्ला. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडाला चव आली होती.

अथालच्या रस्त्याने दोघं चालत निघाली. वाटेत तिनेच विचारलं, “मनावर राग शे का?”

चिंधा थांबला. “कसाले? पुरी टाकी असती आन् कोनी खंदी काढी असती, तं मी काय सांगतू? आते निदान कागदवर शे, मी घीसन गेऊ म्हनीसन.” मग जरा लाजून म्हणाला, “मी तुनाकडे देखत नव्हतू, कारण घासाना पहिले मी तुले इचाराले पाहिजे व्हतं.”

तिला वाटलं, पायांतलं जड काहीतरी गळून रस्त्यावर पडलं.

“घरमा काय शे खावाले?” त्याने विचारलं.

घरात काहीच नव्हतं. मंजुळाबाईने दोघांना तिच्याकडेच बसवलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा वाढला. गुड्डी बापाच्या मांडीवरून उठायला तयार नव्हती. जेवण झाल्यावर केसरबाई जरा टेकायला म्हणून भिंतीला पाठ लावून बसली आणि तशीच झोपली. पाळीचा भोंगा वाजला, चाळीतल्या बाया तिला हाका मारून पुढे गेल्या. चिंधाने दारात उभं राहून त्यांना सांगितलं, “झोपू द्या तिले. आज ती येनार नही.”