गडव्यावरचं नाव

माही मोठी बहीण मैना आठ वर्सं लालबर्ऱ्यात "पळपुट्याची बायको" म्हणून जगली. हे नाव तिले परक्यानं नाही देल्लं. तिच्या सख्ख्या भासऱ्यानं, नवऱ्याच्या मोठ्या भावानं देल्लं. प्रेमलाल त्याचं नाव. नुसतं नाव काढलं तरी माहं डोस्कं अजून फिरते.

मैनेचा नवरा टिकाराम पलटनीत होता. बासष्टात चीनच्या लढाईवर गेला अन् बेपत्ता झाला. ना मढं आलं, ना निशाणी. प्रेमलाल सोता भरतीत नापास झालता, छाती भरली नाही म्हणून. लहान भाऊ शिपाई झाला हे त्याले कधी पचलंच नाही. पारावर बसून सांगे, "बंदूक टाकून पळाला आमचा टिक्या. कुठंतरी दुसरी करून बसला असल." मेल्या, तू पाह्यलं होतं का जाऊन? पण गावानं खरं मानलं. त्याच बोलण्यावर राजेगावच्या भैयालालनं आपल्या पोराचं अन् मैनेच्या पोरीचं, साधनाचं, जमलेलं लगन मोडलं. सुपारी फुटली होती, बाई! मैना रडली नाही. मले म्हणे, "अनुसया, हा माणूस जे बोलला ना, ते त्याले गिळाले लावीन."

दिवाळीनंतर ती साधनाले घेऊन माह्याकडं जबलपूरले आली. माहे मालक छावणीत मोटार-मिस्त्री. एका इतवारी त्यायनं आम्हाले तिथलं लढाईचं अजायबघर दाखवाले नेलं. तोफा, तलवारी, फाटके झेंडे. मी तं कटाळली. अन् मैना एका काचेपुढं जागच्या जागी थांबली. आत पितळेचा गडवा होता, गोळीनं आरपार भोक पडलेला.

"हा माह्या लग्नातला," मैना म्हणे. "काठाले हा पोचा साधनानं लहानपणी पाडला होता."

गडव्यावर नाव कोरलं होतं, प्रेमलाल. आपल्याकडं लग्नात भांडं देणारा आपलं नाव टाकूनच देते. भासऱ्यानं देल्लेला तो गडवा टिकाराम पलटनीत घेऊन गेलता. पण हे पलटनीले कोण सांगल? खाली पाटी होती, "प्रेमलाल. सगळे पडल्यावरही मोर्चा न सोडणारा जवान. ओळख पटवाले त्याच्या मढ्याजवळ हा लोटाच सापडला." माय वं! मेला माह्या बहिणीचा नवरा, अन् शाबासकी त्याले पळपुटा म्हणणाऱ्याले!

तिथले म्हातारे सुभेदार म्हणाले, "इस नाम का जवान पलटन में मिला ही नहीं. आप जानती हैं, बाई?" मैना कशी सांगल? बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेत नाही, भासऱ्याचं तं मुळीच नाही. मी सांगाले तोंड उघडलं तं तिनं माह्या दंडाले असा चिमटा काढला का काळंनिळं झालं. "तू चूप राह्य. ज्याचं नाव लिवलं हाये, तोच येऊन सांगल."

माह्या मालकानं प्रेमलालले चिठ्ठी टाकली, तुमचं नाव पलटनीच्या अजायबघरात लागलं, येऊन पाहून जा. दुसरं काही लिवलं नाही. आला ना मर्दाचा बच्चा! नवं धोतर, डोक्याले फेटा, अन् मिरवाले संगं भैयालाल. भरतीत नापास झालेला माणूस, पलटनीत नाव लागलं म्हणल्यावर घरी राह्यते का?

मैना तोंडावर पदर ओढून माह्या बाजूले उभी होती. सुभेदारानं त्याले काचेपुढं उभं केलं अन् पाटी खड्या आवाजात वाचली. गडवा दिसला तसं प्रेमलालचं तोंड पार उतरलं.

"प्रेमलाल आप हैं? फिर वहाँ मरा कौन?"

आता बोल, मेल्या! मी आतल्या आत खुशीनं नाचून राह्यलती. त्यानं भैयालालकडं पाह्यलं, जमिनीकडं पाह्यलं.

"लहान भावाले देल्लता," पुटपुटला. "टिकारामले."

सुभेदारानं टाचा जुळवून गडव्याले सलाम ठोकला. भैयालाल हात जोडून मैनेकडं वळला, "बाई, चुकलो. लगन याच महिन्यात उरकून टाकू."

मैना आजवर भासऱ्यादेखत कधी बोलली नव्हती. तिनं तोंडावरचा पदर मागं टाकला.

"तुमच्या घरी माही पोरगी येत नाही," ती भैयालालले म्हणाली. मंग भासऱ्यापुढं उभी राह्यली. "तुम्ही माह्या माणसाले आठ वर्सं रोज मारलं. आता गावात चला. पारावर उभे राहून आत्ता बोलले तेच सांगा. मी बस म्हणत नाही तवर सांगाचं."

त्यानं सांगितलं. आता म्हातारा झाला, काठी टेकत पारावर येते. मैनेनं अजून बस म्हटलं नाही.