फिलूचा इंग्रजी मेसेज

फिलूने जावयाच्या मोबाईलचे कोयत्याने दोन तुकडे केले, तेव्हा मी शेजारीच उभी होते.

आज पहाटे फिलू गेली.

इथे तारोडीला तिच्या घरात सगळे रडतायत. मला मात्र त्या मेलीला आठवून हसू येतंय.

गोडदेवला आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. बोंबील ताजे, पण भाव करायला गेलं की अंगावर यायची. असो.

मी चौथी पास, ती तेवढीही नाही. माझ्या नातीने दोघींना मेसेज शिकवला. म्हणायची, आजी, "मेसेज मारला" काय, इंग्रजीत "टेक्स्टेड" म्हणायचं. ब्लॉक केलं की "ब्लॉक्ड". होऊन गेलं की मागे ड लावायचा.

फिलूच्या तोंडी मात्र सगळं मारायचंच. कॉल मार, फोटो मार, डिलीट मार.

मग कळलं, मुर्धा गावातला तिचा जावई मेल्विन तिच्या रोझीला पट्ट्याने मारतो. पाठ काळीनिळी.

मेल्विन ऑफिसवाला. फिलू म्हणाली, "वैनी, त्याला इंग्लिशमदी लिव. मराठीला तो भीक घालत न्हाय."

नात कॉलेजला गेलेली. मीच लिहिलं, दिसेल तिथे ड लावत. अर्थ एवढाच, पोरीला परत मारलंस तर हात तोडेन.

लगेच उत्तर.

आमच्याच मेसेजचा फोटो. चुकांभोवती लाल गोल. खाली हसरं तोंड.

रोझीबद्दल एक अक्षर नाही.

फिलूने विचारलं, काय म्हणतो. मी म्हटलं, चुका काढल्यात.

तिने माशांची पाटी माझ्या दारात टाकली आणि नुसता कोयता घेतला. रिक्षात मी नको नको म्हणत होते, पण खरं सांगू, मलाही जायचंच होतं.

मेल्विनने दार उघडलं. फिलूने त्याच्या हातातला फोन हिसकावला, उंबऱ्यावर ठेवला आणि सुरमई तोडावी तसा घाव घातला. तो अंगावर धावला तर कोयत्याची पाठ त्याच्या मनगटावर. हाड वाजलेलं मी ऐकलं.

"आता काड गोल," म्हणाली.

रोझी अनवाणीच आमच्याबरोबर निघाली. तेव्हापासून आईकडेच आहे.

मघाशी मेल्विनचा तिला मेसेज आला. एकदम शुद्ध इंग्रजी. दुःख झालं, उद्या मातीला येऊ का.

रोझीने माझ्यासमोर एकच शब्द लिहिला. नो.

मग फोन पालथा ठेवून आईजवळ जाऊन बसली.

फिलू, नीट जा गं बाई. पोरीची काळजी आता सोड.

तुझी वैनी हात जोडते.